बाबांच्या गाडीचा एसी गरम हवा फेकून राहिला

विषय: गाडीच्या एसीबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या कामाचं नाही, पण आपल्यात गाड्यांच्या लाइनमधले लोक आहेत म्हणून विचारते. आई-बाबा गावीच असतात, आर्वी तालुक्यात. बाबांना तपासणीसाठी सेवाग्रामला न्यावं लागतं आणि गाडीचा एसी गरम हवा फेकून राहिला. पेट्रोलची छोटी जुनी गाडी आहे. मागच्या वर्षी मे संपता संपता एकानं गॅस संपला म्हणून भरून दिला, मग बरं चाललं, आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोंडावर आणि पुन्हा तेच, आणि तोच माणूस आता कॉम्प्रेसर बदला म्हणतो. गाडी माझा भाऊ चालवतो, तो सांगतो की रोडनं धावताना थोडं गार लागतं पण रेल्वे फाटकावर उभं राहिलं की भट्टी. पैसे पाठवायला माझी ना नाही हो, पण दुखणं खरंच कॉम्प्रेसरचंच आहे का? तिकडे दुपारी 45 डिग्री, त्यात बाबांना काचा उघड्या ठेवून नेणं जिवावर येतं.

विषय: उत्तर: गाडीच्या एसीबद्दल मदत हवी

ताई, पैसे थांबवा. मी इथे मस्कतमध्ये गाड्यांच्या एसीचंच काम करतो, त्याआधी अमरावतीला तेच करत होतो. कॉम्प्रेसर मेला असता तर धावतानाही गार लागलं नसतं. धावताना गार अन् उभ्यानं गरम, म्हणजे पहिला संशय कंडेन्सरच्या फॅनवर. रेडिएटरच्या समोर जी जाळी असते ना तो कंडेन्सर, गाडीच्या आतली गरमी तिथून बाहेर पडते. धावताना वारा लागते म्हणून भागते, उभ्या गाडीत सगळा भार फॅनवर. फॅन नाही फिरला तर गॅसचं प्रेशर चढत जाते अन् प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकते, मग ब्लोअर नुसती गरम हवा फेकते.

भावाला सांगा, गाडी सावलीत उभी करून चालू ठेव, एसी फुल कर, बोनट उघड अन् नुसतं पाह्य. एसी लावला की कॉम्प्रेसरच्या पुलीपाशी टक् असा आवाज येऊन पुढची प्लेट फिरायला लागली पाहिजे अन् फॅनही लागला पाहिजे. हात मात्र लांब ठेवायचा, हा फॅन इंजिन बंद केल्यावरही कधी कधी अचानक सुरू होतो. वायरींवरही नजर टाका, गावाकडे उंदीर बोनटमध्ये शिरून वायर कुरतडते.

दुसरं, कंडेन्सरची जाळी. आपल्याकडे जिनिंगला चाललेल्या कापसाच्या गाड्यांमागून जावं लागते, सोयाबीन काढणीत थ्रेशरचं भुसकट उडते, ते सगळं जाळीत जाऊन बसते अन् समोरून दिसतही नाही. गाडी थंड झाल्यावर साध्या पाइपानं पाणी मारायचं, जमेल तर इंजिनच्या बाजूनं बाहेर. सर्व्हिसिंगवाल्याचं प्रेशरचं पाणी नको, जाळीच्या पात्या दुमडतात.

अन् गॅसचं म्हणाल तर तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांमधी फिरत राहते. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळला, अन् गळते तिथं बहुतेक तेलाचा डाग दिसते. बंद गाडीला प्रेशरचा गेज लावून 150 पीएसआय आहे, गॅस भरपूर आहे असं कोणी म्हणालं तर मानू नका, एसीतला हा गॅस, आर-134ए, 45 डिग्रीत थोडासा जरी पातळ रूपात शिल्लक असला तरी काटा जवळपास तिथंच जाते. भावाने पाहून झालं की कळवा.

विषय: उत्तर: उत्तर: गाडीच्या एसीबद्दल मदत हवी

भाऊ, व्हिडिओ कॉलवर बघितलं. कॉम्प्रेसर टक् करून लागतो, थोड्या वेळात बंद पडतो, फॅन जागचा हलत नाही. गावातल्या वायरमननं फॅनला करंट सोडणारा स्विच, तो रिले म्हणतात ना, बदलून पाहिला, मग मोटरला बॅटरीचा थेट करंट दिला तरी ढिम्म. पाणी मारलं तर कापसाचे ओले काळे पुंजके निघाले, आई म्हणे एक वात होईल एवढा. पण मग मागच्या वर्षी गॅस भरल्यावर बरं कसं झालं? आता पुन्हा भरायचा का?

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: गाडीच्या एसीबद्दल मदत हवी

ताई, मोटर गेली, कॉम्प्रेसर चांगला आहे. मागच्या वर्षी मले वाटते पावसानं बरं केलं, जूनमध्ये गरमी उतरली, त्यावर वरून पाणी, कंडेन्सर आपोआप थंड राहिला. कमी नसताना गॅस भरला असेल तर उलट आता जास्त झालेला असू शकते, अन् जास्त गॅसनंही गरमच हवा येते. म्हणून वरून भरू नका. मोटर बसवल्यावर वर्ध्याला मशीन असलेल्याकडे न्या, आहे तो गॅस काढून, व्हॅक्यूम करून म्हणजे नळ्यांमधली हवा ओढून, बोनटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले तेवढाच तोलून भरायला लावा, तो अंदाजानं भरतो म्हणाला तर दुसरीकडे जा. स्वयंपाकाचा गॅस भरतो म्हणणाऱ्याला तर गाडीजवळ उभा करू नका, गळला तर आग लागते.

तोवर बाबांची वेळ सकाळची घ्या, दुपारी काढू नका. अन् नवी मोटर बसली की भावाला कंडेन्सरसमोर एक कागद धरायला सांगा, कागद जाळीला चिकटला पाहिजे. बाहेर उडाला तर वायर उलट्या जोडल्या, तिथल्या तिथं बदलून घ्या.