चाळिशीच्या तोंडावर स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका: पुण्यात मोठ्या माणसांची तपासणी कुठे आणि कशी करावी?

काना_मात्रा

नमस्कार मंडळी. वय ३९, राहणार कोथरूड. मुद्रितशोधनाचं काम करते. आई सातारा रस्त्याला भावाकडे असते.

दिवाळीआधी आईचं कपाट आवरताना माझं बालवाडीचं प्रगतिपुस्तक सापडलं. शेऱ्यात बाईंनी लिहिलंय, 'गाणी सगळी पाठ आहेत, पण मुलांत बसत नाही. भाजीचा रस पोळीला लागला तर डबा तसाच परत नेते.' ते पान हातात घेऊन मी तिथेच फरशीवर बसले. आजही ताटात कोशिंबिरीचं पाणी भाताकडे सरकलं की माझं जेवण तिथे थांबतं. मधल्या पस्तीस वर्षांत फरक पडला तो एवढाच, की आता मी ते कुणाला कळू देत नाही.

मग एकेक आठवत गेलं. फोन करायचा तर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेते. गेल्या मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न होतं. कार्यालयात स्पीकरवर सनई, कुणाचं तरी अत्तर, जरीचा काठ पायाला घासतोय आणि चारी बाजूंनी 'ओळखलंस का मला?' पंगती बसायच्या आधी मी वधूपक्षाच्या खोलीत जाऊन गाद्यांच्या चळतीमागे वीस मिनिटं बसून राहिले. नंतर बाहेर येऊन हसतमुखाने जिलबीही वाढली. घरी आल्यावर दोन दिवस मला बोलता आलं नाही. राग नव्हता, वाईटही वाटत नव्हतं, शब्दच येत नव्हते.

आणि दुसऱ्या बाजूला मोडी. नववीत असताना आजोबांच्या ट्रंकेत एक खरेदीखत मिळालं, तेव्हापासून मला मोडीचं वेड आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात दिवसभर बसले तरी तहान लागल्याचं कळत नाही. एखाद्या लेखनिकाचं वळण कसं आहे यावर मी तास तास बोलते, आणि समोरचा कंटाळलाय हे नवऱ्याने हळूच हात दाबल्याशिवाय माझ्या लक्षात येत नाही.

घुमी, शिष्ट, माणूसघाणी, फटकळ ही विशेषणं लहानपणापासून ऐकत आले. मी ती खरीच मानली होती.

नेटवरची पन्नास प्रश्नांची चाचणी दिली, त्यात ३८ गुण आले. नेहमीच्या डॉक्टरांशी बोलले तर ते म्हणाले, "लग्न झालंय, नोकरी करता, नजरेला नजर देऊन बोलता, तुम्हाला कसला ऑटिझम?" मी तेव्हा त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध बघत होते. अकरावीत ठरवून शिकलेली गोष्ट आहे ती.

पुण्यात शोधलं की सगळी केंद्रं लहान मुलांचीच निघतात. मोठ्यांना तपासणारं कोणी आहे का? आईला न्यावं लागतं का? आणि या वयात निदान करून घेण्यात काही अर्थ आहे का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

सिंहगडवारी

ताई, लग्नानंतरचे ते दोन मुके दिवस मला चांगले माहीत आहेत. माझं निदान ४३ व्या वर्षी झालं. त्याआधी एका ठिकाणी दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या चालल्या. नैराश्य होतंच, पण ते कशातून येतंय हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

शोधायचं कसं, तर 'ऑटिझम सेंटर' असं शोधू नका. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा आणि फोनवर सरळ विचारा, "तुम्ही तिशी-चाळिशीतल्या माणसाची स्वमग्नतेची तपासणी स्वतः केली आहे का? शेवटची कधी?" मी सात फोन केले. चौघे म्हणाले आम्ही मुलांचंच बघतो, एक म्हणाले मोठ्यांना ऑटिझम नसतो, दोघांनी नीट माहिती दिली. बोलायचं कागदावर लिहून घ्यायची सवय तुम्हाला आहेच, ती इथे उपयोगी पडेल. किती भेटी, एकूण खर्च किती आणि शेवटी लेखी अहवाल मिळणार का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. मला तीन भेटी लागल्या.

अर्थ आहे का म्हणता, तर माझं सांगतो. माझं घर नारायण पेठेत. विसर्जनाच्या दिवशी ढोल सुरू झाले की छाती धडधडायची, मी दार लावून घ्यायचो आणि बायको म्हणायची, पुण्यात जन्मून गणपतीचा कंटाळा? वीस वर्षं आमचं यावरून वाजत आलं. आता आम्ही घरच्या गणपतीची उत्तरपूजा सकाळी लवकर उरकतो आणि मी दोन दिवस भोरला मित्राकडे जातो. ती मिरवणूक बघते, रात्री फोटो पाठवते. या वर्षी भांडण झालं नाही. ऑफिसात एवढंच सांगितलं की मीटिंगमध्ये ठरलेलं मला ईमेलवर लिहून हवं असतं. ते त्यांनी एका दिवसात मान्य केलं, फक्त मी पंधरा वर्षं मागितलं नव्हतं.

चाफा७१

मी या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. इथे निदान करत नाही, तसं कुणी करूही नये.

तुम्ही दिलेली चाचणी बहुधा ए-क्यू, म्हणजे स्वमग्नतेची लक्षणं किती आहेत ते मोजणारी प्रश्नावली. ती २००१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. त्यात ३२ किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासावं, एवढाच तिचा अर्थ. चिंतेचा आजार असलेल्यांनाही जास्त गुण पडू शकतात आणि मुखवटा घालून जगायची सवय असलेल्या स्वमग्न बाईला कमीही पडू शकतात. तेव्हा ३८ आले म्हणून ठरलं असं नाही, आणि डॉक्टर नाही म्हणाले म्हणून संपलं असंही नाही.

डॉक्टरांना हे का दिसलं नाही तेही सांगते. तुम्ही बालवाडीत होता तेव्हा स्वमग्नता म्हणजे न बोलणारं, बहुतेक करून मुलगा असलेलं मूल, असंच चित्र होतं. उत्तम बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या मुलांसाठी अ‍ॅस्पर्गर हे नाव अमेरिकन निदानपुस्तिकेत आलं १९९४ साली. २०१३ मध्ये ते काढून सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच वर्णपटात घेतलं. त्याच आवृत्तीत असंही आलं की लक्षणं लहानपणापासून असायला हवीत, पण पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती झाकलेली असू शकतात. भुवयांच्या मध्ये बघणं ही तशीच युक्ती. जुन्या काळात शिकलेल्या अनेकांपर्यंत हे अजून पोचलेलं नाही.

तपासणीत दोन गोष्टी बघतात. पहिली, लोकांशी देवाणघेवाण: बोलण्यातला आलटूनपालटूनपणा, हावभाव समजणं आणि वापरणं, नाती जुळवणं आणि टिकवणं. या तिन्हींत अडचण दिसावी लागते. दुसरी, तोचतोचपणाची ओढ. त्यात चार प्रकार आहेत: तीच हालचाल किंवा तेच बोलणं, ठरलेला क्रम मोडला की होणारा त्रास, एखाद्या विषयातलं खोल गुंतणं, आणि आवाज-स्पर्श-चव-वास जास्त किंवा कमी जाणवणं. यातले किमान दोन हवेत. शिवाय रोजच्या जगण्यात खरी अडचण व्हायला हवी. 'अ‍ॅडोस' नावाची चाचणी काही ठिकाणी करतात, मोठ्यांसाठी तिचा वेगळा भाग आहे. पण ती नसली तरी अनुभवी माणूस दीर्घ मुलाखतीतून निदान करू शकतो.

आईला नेता आलं तर फार चांगलं, पण तो नियम नाही. ते प्रगतिपुस्तक मात्र जपून ठेवा. चार वर्षांच्या मुलीबद्दल तेव्हाच्या बाईंनी लिहिलेल्या दोन ओळी आम्हाला कुठल्याही गुणांपेक्षा जास्त सांगतात.

पुण्यात खर्चाचा प्रश्न असेल तर ससूनचा मानसोपचार विभाग आणि त्याच आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था इथून सुरुवात करा. गर्दी असते, पण दार बंद नाही. मुलांच्या केंद्रांनाही फोन करून बघा. ती स्वतः मोठ्यांना तपासत नसली तरी कोण तपासतं हे त्यांना बऱ्याचदा माहीत असतं.

निदान आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात गल्लत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, पण प्रमाणपत्र सरकारी मंडळाकडून मिळतं आणि त्यासाठी 'इसा' ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. चाळीस बाबी, प्रत्येकी १ ते ५ गुण, एकूण ७० च्या खाली आले तर त्या श्रेणीनुसार स्वमग्नता नाही. तुमच्यासारखी बोलती, नोकरी करणारी व्यक्ती ७० च्या खाली येण्याची शक्यता बरीच. तसं झालं तर मानसतज्ज्ञाचं निदान खोटं ठरत नाही, सवलती मिळत नाहीत इतकंच.

आणि एक. तपासणीची वाट बघताना फारच खचल्यासारखं झालं तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

टेकडीवरची

मी उलटा अनुभव लिहिते, कारण तोही ऐकायला हवा. मलाही खात्री होती. व्हिडिओ बघून बघून वही भरली होती. तपासणीत निघालं, स्वमग्नता नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, आणि लोकांत वावरण्याची तीव्र भीती.

तपासणाऱ्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला तो अजून लक्षात आहे. "घरात कुणीही नाही, दोन दिवस कुणी येणारही नाही. तेव्हा काय काय त्रास होतो?" मी विचार केला आणि म्हटलं, काहीच नाही, तेव्हा मी मोकळी असते. मला त्रास होता तो लोक काय म्हणतील याचा. त्या म्हणाल्या, स्वमग्न माणसाला रिकाम्या घरातही ट्यूबची गुणगुण आणि बनियनची शिवण टोचतच असते. एवढ्यावर निदान होत नाही, पण माझ्यापुरतं तिथे काहीतरी उलगडलं. स्वमग्नता आणि ही भीती दोन्ही एकाच माणसात असूही शकतं म्हणे.

पहिले आठ दिवस मी रडले. इतक्या वर्षांनी घर सापडलं असं वाटलं होतं आणि ते माझं नव्हतं. पण एडीएचडीचे उपचार सुरू झाल्यावर दिवस हाताला लागायला लागला. तेव्हा जाताना 'मी स्वमग्न आहे का' एवढंच घेऊन जाऊ नका. 'मला हे हे होतं, ते कशामुळे' असं विचारा.

सहकारनगरची_आई

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. तो बोलत नाही, आंघोळ आम्ही घालतो. खरं सांगते, धाग्याचं नाव वाचून आधी मनात आलं की नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांनी हा शब्द घेतला तर माझ्या मुलाला कोण विचारणार. मग गाद्यांच्या चळतीमागचं वाचलं. माझा मुलगा लग्नात अगदी तसाच जातो, कोपऱ्यात, मऊ काहीतरी पाठीशी घेऊन. त्याला नंतर बाहेर येऊन जिलबी वाढता येत नाही, तुम्हाला येते. पण कोपरा तोच आहे. मी माझा राग मागे घेतला.

आईला कसं विचारावं ते मात्र मी सांगू शकते. 'माझ्यात लहानपणी काही वेगळं होतं का?' असं विचारू नका. आईला त्यात 'तुझं काय चुकलं' असं ऐकू येतं. एके काळी मोठमोठे डॉक्टर म्हणत, आई मायेने जवळ घेत नाही म्हणून मूल असं होतं. ते केव्हाच खोटं ठरलं, ही जन्मजात जडणघडण आहे आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येते. तरी माझ्या सासूबाई शेवटपर्यंत माझ्याकडे बोट दाखवत राहिल्या. तुम्ही साध्या गोष्टी विचारा. मी झोपायचे कशी? काय खायचे नाही? न्हाऊ घालताना रडायचे का? पाहुणे आले की कुठे असायचे? भाजी निवडताना विचारा, समोर बसवून नको.

काना_मात्रा

सगळ्यांचे मनापासून आभार. टेकडीवरची, तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारला. गेल्या रविवारी नवरा गावाला होता, घरात मी एकटी. फ्रिजची मोटर सुरू झाली की मी दुसऱ्या खोलीत जात होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. लिहून ठेवलंय.

काल आईकडे गेले, मेथी निवडायला घेतली आणि विचारलं, मी काय खायचे नाही गं? आई अर्धा तास बोलत होती. आंबट वरण एका वाटीत, भात दुसऱ्या वाटीत. नवीन फ्रॉक आधी चार वेळा धुवून मगच अंगावर. हळदीकुंकवाला बायका आल्या की मी पलंगाखाली पंचांग वाचत बसायचे. आणि माझे बाबा ऑफिसातून आल्यावर तासभर कुणाशी बोलायचे नाहीत, तेव्हा घरात सगळे गप्प असायचे. ते तर मीही पाहिलं होतं, कधी जोडून बघितलं नव्हतं.

मग ती उठली आणि माळ्यावरून एक स्टीलचा डबा काढून घेऊन आली. आत तीन खण, मधल्या पट्ट्या उंच. बाईंचा शेरा वाचला त्याच आठवड्यात तुळशीबागेत जाऊन ती हा घेऊन आली होती. म्हणाली, "मग तू डबा संपवायला लागलीस. बाईंना सांगायचं राहूनच गेलं."

चौथ्या फोनला मोठ्यांची तपासणी करणाऱ्या एक बाई मिळाल्या. पुढच्या मंगळवारी अकराची वेळ आहे, आई सोबत येणार आहे. प्रगतिपुस्तक आणि डबा दोन्ही नेते आहे. काय निघेल ते इथे लिहीन.