मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीच्या वायरलेस चार्जिंगसाठी पार्किंगमध्ये खड्डा किती खोल ठेवायचा?

पारिजात:
पार्किंगचं काँक्रीट परवा पडणार. गवंडी विचारतोय, चार्जिंग पॅडला खड्डा ठेवू की सपाट करू. बाबांना वाकून केबल लावणं जमत नाही, म्हणून वायरलेसच हवं. खोली किती, तेवढंच सांगा. "इलेक्ट्रिक घ्यावी का" ही चर्चा नको, गाडी दारात उभी आहे.

ओहम:
गाडी कोणती? पोटाखाली रिसीव्हर कॉइल, म्हणजे पॅडकडून वीज घेणारं वेटोळं, आहे का? ती नसेल तर नुसता पॅड काही कामाचा नाही.

तारांगण:
पॅड कसले बसवताय, रस्त्यातच कॉइल पुरायला हव्यात, म्हणजे गाडी धावतानाच चार्ज होईल! दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ मध्ये अशा बस सुरू झाल्या, २४ किलोमीटरच्या मार्गावर. डेट्रॉइटमध्ये २०२३ मध्ये एका रस्त्याचा साधारण ४०० मीटरचा तुकडा तसा केला. असे रस्ते वाढले की बॅटरी लहान पुरेल आणि लांब पल्ल्याचे ट्रकही डिझेल सोडतील.

पारिजात:
मला रस्ता नाही, पार्किंग करायचंय. कॉइल गाडीत नाही, विक्रेता म्हणाला नंतर बसवून देऊ.

जुना वायरमन:
"नंतर बसवून देऊ" वर विसंबू नका. बाहेरची कॉइल लावल्यावर बॅटरीची वॉरंटी राहते का, ते गाडीच्या कंपनीकडून लेखी घ्या. माझं विचाराल तर केबलच बरी. हवेतून वीज पाठवणं म्हणजे नासाडी.

ओहम:
नासाडी हे सरसकट खरं नाही. गाड्यांच्या वायरलेस चार्जिंगच्या एसएई जे२९५४ मानकात पॅड नीट जुळलेला असताना किमान ८५ टक्के कार्यक्षमता लागते, चांगल्या यंत्रणा नव्वदीच्या पुढे जातात. केबल लावली तरी गाडीतल्या चार्जरमध्ये थोडी वीज वाया जातेच, ती कुणी धरत नाही.

जुना वायरमन:
"जुळलेला असताना" हेच तर म्हणतोय. रोज इतकी नेमकी गाडी कोण लावतं?

ओहम:
पुढेमागे ७५ मिमी आणि आडवी १०० मिमी चूक मानकाने गृहीत धरली आहे. बहुतेक यंत्रणांमध्ये गाडी लावताना स्क्रीनवर दिशाही दिसते.

मेघमल्हार:
माझा फोन वायरलेस पॅडवर फार तापतो. जाड कव्हर काढलं की कमी तापतो, करून बघा.

पारिजात:
कृपया खड्ड्याचं सांगा हो.

ओहम:
खड्डा नकोच. बरेचसे घरगुती पॅड जमिनीवरच बसतात. फक्त वायरसाठी पाइप टाकून ठेवा. पॅड येईल तिथे सळईची जाळी वरच्या थरात नको, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडात एडी करंट (आतल्या आत फिरणारे विद्युतप्रवाह) येऊन ते तापतं. पॅडवर नाणं किंवा खिळा पडला तरी यंत्रणा बंद झाली पाहिजे, ही सोय आहे का ते घेताना विचारा.

कैरव:
बाबांना वाकता का येत नाही? हृदयाचं काही उपकरण बसवलंय का?

पारिजात:
संधिवात आहे. पेसमेकरही आहे, पण त्याचा वाकण्याशी काय संबंध?

कैरव:
वाकण्याशी नाही, चार्जिंगशी आहे. या यंत्रणा ८५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेवर चालतात, त्यांचं चुंबकीय क्षेत्र पेसमेकरमध्ये अडथळा आणू शकतं. सामान्य माणसासाठी चुंबकीय क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मर्यादा २७ मायक्रोटेस्ला आहे, जे२९५४ पेसमेकरसाठी १५ च धरतं. प्रमाणित यंत्रणेत गाडीच्या आत आणि भोवती ती पाळली जाते, पण गाडीखाली क्षेत्र फार तीव्र असतं. चार्जिंग चालू असताना बाबांनी पडलेली किल्लीसुद्धा खालून काढायची नाही. पेसमेकर तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याचं मॉडेल सांगून आधी विचारा. यात घाई करू नका.

जुना वायरमन:
संधिवातच असेल तर छताला हूक मारून स्प्रिंग बॅलन्सरवर केबल लटकवा. प्लग कमरेच्या उंचीवर राहतो, केबलचं वजनही हातावर येत नाही.

पारिजात:
वाकणं टळेल, पण बाबांच्या बोटांतही जोर नाही, प्लग दाबला जात नाही. डॉक्टरांना आजच फोन करते. पाइप कुठून कुठे आणि किती इंची?

ओहम:
पॅडच्या जागेपासून जवळच्या भिंतीपर्यंत, दोन इंची. आत ओढायची दोरी सोडा. काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घ्या. दोन्ही तोंडं बांधून टाका, नाहीतर काँक्रीट आत जाईल. भिंतीपर्यंत मेन बोर्डाची वेगळी लाइन आणि चांगलं अर्थिंग लागेल. पॅड ३.७ किंवा ७.७ केव्हीए ताकदीचा असेल तर सिंगल फेज चालेल, ११ ला सहसा थ्री-फेज.