सर्व्हिस मोटारी एसटीमुळेच बंद पडल्या का?

माळ्यावरची_ट्रंक:
घर पाडायचं म्हणून ट्रंक उघडली तर पणजोबांच्या मोटार सर्व्हिसची तिकीटबुकं आणि एक परमिट सापडलं. तीन गाड्या होत्या, तालुका ते जिल्हा फेऱ्या, आणि एसटी आल्यावर दोन वर्षांत सगळं संपलं. घरात अजून म्हणतात सरकारने गिळलं. पण चालता धंदा असा एकाएकी कसा संपतो हो, गाड्या तर स्वतःच्याच होत्या ना?

मैलाचा_दगड:
गाड्या स्वतःच्या होत्या, रस्ता नव्हता. सुरुवातीला एकाच रस्त्यावर चार-चार जणांच्या गाड्या, सीट भरेपर्यंत कोणी हलायचं नाही, पॅसेंजरची ओढाओढ, भाडं पाडापाडी, त्यात कितीतरी जण बुडाले. मग 1939 चा मोटार वाहन कायदा आला आणि कुठल्या रूटवर कोण गाडी चालवणार ते परमिटवर ठरायला लागलं. ज्याला मिळालं त्याचं भलं झालं, पण परमिट 3 ते 5 वर्षांचं असायचं, पुढे रिन्यू झालं तरच धंदा. 1948 ला मुंबई राज्याने एसटी काढली, 1 जूनला पहिली गाडी पुणे-अहमदनगर, आणि मग एकेक रूट तिच्याकडे जात गेला. रूट गेला की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. भरपाईचं म्हणाल तर 1956 च्या दुरुस्तीत मुदतीआधी परमिट रद्द झालं तर उरलेल्या दर महिन्याला 200 रुपये असं लिहिलं. मुदत संपलेल्याला काही नाही, आणि रूट बसवायला घातलेल्या वर्षांचं तर कुणी मोजलंच नाही. मला हा अन्यायच वाटतो.

घाटातला:
अन्याय झाला हे मान्य, पण पडझड आधीच सुरू झाली होती. माझे आजोबा अशाच एका सर्व्हिसवर क्लीनर होते. महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं, मग गाडीला कोळशाच्या गॅसचा प्लांट लावायचा, पहाटे उठून भट्टी पेटवायची, आणि चढ आला की पॅसेंजरनी उतरून ढकलायचं. 1942 ला मलाया जपानकडे गेल्यावर रबराची टंचाई झाली, टायरला ठिगळं लावून चालवायचे. युद्ध संपलं तेव्हा गाड्या पार खिळखिळ्या झाल्या होत्या, नवीन घ्यायला दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे पैसा कुठला? आजोबा पुढे एसटीत ड्रायव्हर झाले आणि महिन्याच्या महिन्याला पगार हातात येतो याचंच त्यांना आयुष्यभर अप्रूप होतं. त्यांच्यासमोर एसटीला नावं ठेवायची सोय नव्हती.

गोदाकाठ:
मराठवाड्यातलं वेगळं, तिथे निजामाच्या रेल्वेनेच 1932 ला 27 बस घेऊन सरकारी सेवा सुरू केली होती.

माळ्यावरची_ट्रंक:
तुमचं वाचून परमिट परत नीट बघितलं. मुदत मार्च 1949 पर्यंत. म्हणजे रद्द वगैरे काही झालंच नाही, नुसतं पुढचं मिळालं नाही. तिकीटबुकंही बघतोय, शेवटच्या बुकातली निम्मी तिकिटं तशीच आहेत, फाडलेलीच नाहीत. परमिट लॅमिनेट करून ठेवू का?

मैलाचा_दगड:
लॅमिनेशन अजिबात नको, ते परत काढता येत नाही आणि जुना कागद उष्णतेने खराब होतो. आधी स्कॅन करा, मग अ‍ॅसिड-फ्री कागदात घालून कोरड्या जागी सपाट ठेवा. तिकिटांचेही फोटो टाका, भाडं किती होतं ते बघायचंय.