बोरघाटाच्या १:८७ प्रतिकृतीसाठी रूळ हाताने बांधावेत का?

घाटवेडा
मी १:८७ प्रमाणात बोरघाटाचा एक लहानसा तुकडा उभारत आहे. या प्रमाणातले तयार रूळ १६.५ मिमी अंतराचे असतात, म्हणजे ते १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचे प्रतिरूप असते. त्यामुळे आपल्या १६७६ मिमी ब्रॉडगेजचे रुंद डबे त्यांवर अवघडून उभे असल्यासारखे दिसतात. हिशेबाने अंतर १९.२६ मिमी हवे. असे रूळ घरी बांधणे कितपत जमते?

खडीवाला
सरळ मार्ग वाटतो त्याहून सोपा आहे. लॅमिंग्टन रोडवर तांब्याचा थर असलेला १.६ मिमी जाडीचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटांसाठीची पाटी) मिळतो. त्याच्या ३ मिमी रुंद आणि ३१.६ मिमी लांब पट्ट्या कापाव्यात, कारण रुळांखालचा काँक्रीटचा आडवा स्लीपर २.७५ मीटरचा असतो. किलोमीटरला १६६० स्लीपर धरल्यास दोन पट्ट्यांच्या मध्यांतले अंतर सुमारे ६.९ मिमी येते. प्रत्येक पट्टीच्या मध्यावर तांब्याचा थर करवतीने तोडावा, नाहीतर दोन्ही रूळ विजेने जोडले जातील. एक रूळ पूर्ण डाख देऊन बसवावा आणि दुसरा, लेथवर पितळी दांड्यात खाचा पाडून घेतलेल्या गेजने (मापाच्या साच्याने) अंतर धरत, थोडाथोडा जोडत न्यावा. रूळ कोड ७५ चा (म्हणजे इंचाच्या ७५ हजारांश उंचीचा) घ्यावा. त्याची उंची १.९ मिमी असते आणि ६० किलोच्या खऱ्या रुळाची १७२ मिमी उंची या प्रमाणात १.९८ मिमी होते. (डाख देताना लावलेला फ्लक्स धुऊन काढायला मी एकदा विसरलो होतो, सगळे तांबे हिरवे पडले.)

सांधेवाला
मापे बरोबर आहेत, परंतु खरी अडचण चाकांची आहे. १९.२६ स्वीकारले की प्रत्येक अ‍ॅक्सल २.७६ मिमीने लांब करावा लागतो; डब्यांचे ते निभावते, इंजिनांची चाके मात्र दातचक्रांसकट पुन्हा बसवावी लागतात. शिवाय सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) तयार मिळणार नाहीत. १ : ८.५ चा (८.५ ला १ असा फाकणारा) सांधा मी तीनदा बांधला तेव्हा कुठे क्रॉसिंगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या, नाकावर चाक आपटायचे थांबले. आपण अजून फारशी खरेदी केली नसेल, तर उलट विचार करून पाहावा: रूळ १६.५ मिमीचेच ठेवून प्रमाण १:१०१.६ घेतल्यास ब्रॉडगेज अचूक जुळते.

घाटवेडा
हे लक्षात आले नव्हते. माझ्याकडे अजून दोनच डबे आहेत, तेही थ्रीडी प्रिंटरवर मीच छापलेले, त्यामुळे ते लहान प्रमाणात पुन्हा छापता येतील. मग स्लीपरची लांबी २७ मिमी धरावी ना?

खडीवाला
होय, २७.१. स्लीपरमधले अंतर ५.९ मिमी होईल आणि कोड ७५ किंचित उंच ठरेल, पण खडी पसरल्यावर ते जाणवणार नाही.