पत्र्याखाली, भर पावसात हिचकॉक: कोणते चित्रपट लावू?

पडवीकर

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या. लावणी आटपली की संध्याकाळी माणसं मोकळी असतात. म्हणून गावच्या वाचनालयाने ठरवलंय की जुलैपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर शनिवारी एक चित्रपट दाखवायचा. गेल्या पावसाळ्यात जुने मराठी लावले होते. 'पाठलाग'ला जी गर्दी लोटली ती बघून समितीतले काका म्हणाले, "यंदा सगळे रहस्यपटच लावा. त्या हिचकॉकचे." म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक, रहस्यपटांसाठी गाजलेला इंग्रज दिग्दर्शक. काकांनी नाव ऐकलंय, चित्रपट एकही पाहिलेला नाही. मी दोन-तीन पाहिलेत, त्यामुळे निवड माझ्या गळ्यात.

आता अडचण. हॉल म्हणजे पत्र्याची शेड. पावसाने जोर धरला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, पडद्यावरचं कुठून येणार? मराठी सबटायटल मिळालेली नाहीत आणि इंग्रजी भराभर वाचणारे मोजकेच. खारवीवाडीतल्या बायका, हायस्कूलची मुलं, निवृत्त गुरुजी असे सगळे येतात. वीज जाते ते वेगळंच. पाच-सहा शनिवार हाताशी आहेत. कोणते लावू, कोणत्या क्रमाने? त्याच्या 'सायको' या खुनाच्या चित्रपटावरून समितीत आधीच दोन तट पडलेत.

रातांबा

सायको. यात विचारायचं काय? शॉवरखाली सुरीने खून होतो तेव्हा व्हायोलिनं किंचाळायला लागली की पाऊसबिऊस काही ऐकू येणार नाही.

घाटावरची

पुढच्या रांगेत आठवी-नववीची पोरं बसणार आहेत हे वाचलंत ना? आणि पहिल्याच शनिवारी सायको लावलात तर पुढच्या प्रत्येक चित्रपटात लोक सुरी कधी निघते याचीच वाट बघत बसतील. तो शेवटी.

मचाण

पडवीकर, तुम्ही जी अडचण म्हणताय तीच निवडीची कसोटी करा. आवाज बंद करून जो चित्रपट कळतो तो लावा, बाकीचे सोडा. दुसऱ्या कुठल्या बोलपटवाल्याच्या बाबतीत असा सल्ला द्यायला मी धजलो नसतो, पण हिचकॉक मुळात मूकपटातला माणूस. १८९९ चा लंडनचा जन्म, चित्रपटधंद्यात शिरला तो मूकपटांचे फलक रंगवायला, म्हणजे दोन दृश्यांच्या मधे संवाद लिहिलेली पाटी येते ना, त्या. १९२४ च्या सुमारास जर्मनीत काम करताना मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाला चित्रीकरण करताना पाहिलं. बोलपट आले तेव्हा त्याचे बरेच चित्रपट करून झाले होते आणि चित्रातून सांगता येतं ते तोंडाने वदवायचं नाही, ही खोड त्याला कायमची लागली. बोलणाऱ्या माणसांची नुसती छायाचित्रं काढणं म्हणजे चित्रपट नव्हे, असं तो पुढे मुलाखतींतही सांगत असे.

म्हणून माझ्या मते पहिला शनिवार 'द लॉजर'ला (१९२७) द्या. मूकपट आहे म्हणून नाक मुरडू नका. लंडनमध्ये धुकं, गावात खून होतायत, आणि एका घरात वरच्या मजल्यावर विचित्र भाडेकरू येऊन राहतो. खाली घरची मंडळी बसलीत, वर तो येरझारा घालतोय. आता मूकपटात पावलांचा आवाज कसा ऐकवणार? पठ्ठ्याने जाड काचेची जमीन करवून घेतली आणि खालून चित्रण केलं. आधी छताला टांगलेलं झुंबर हलताना दिसतं, मग छतच पारदर्शक होतं आणि बुटांचे तळवे इकडून तिकडे जाताना दिसतात. माळा असलेल्या घरात वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. रात्री माळ्यावर काहीतरी वाजलं की आपण सगळे असेच वर बघत बसतो. फलक थोडे आहेत, कुणीतरी पुढे बसून मराठीत मोठ्याने सांगितलं तरी भागेल.

दुसऱ्या शनिवारी 'रिअर विंडो' (१९५४). बोलणं बरंच आहे, पण सुरुवात बघा. कॅमेरा चौकभर फिरतो, समोरच्या खिडक्यांतली माणसं उठतायत, दाढी करतायत. मग घामाने डबडबलेला नायक. उकाडा किती ते थर्मामीटर सांगतो. पाय प्लास्टरमध्ये. टेबलावर मोडलेला कॅमेरा, भिंतीवर शर्यतीच्या गाडीच्या अपघाताचा फोटो, त्यातलं सुटलेलं चाक थेट आपल्या अंगावर येतंय. शेजारी मासिकांची चळत. हा कोण, काय करतो, पाय कसा मोडला, सगळं कळलं आणि अजून तोंडातून एक वाक्य नाही. पुढे सगळा खेळ म्हणजे घरात अडकून पडलेल्या माणसाने समोरच्यांच्या खिडक्यांत डोकावत बसणं. वाडीत राहणाऱ्यांना यात नवं काय वाटणार म्हणा!

तिसरा 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१). टेनिसचा सामना चालू आहे, सगळ्या प्रेक्षकांच्या माना डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे. आणि मधे एकच चेहरा स्थिर, सरळ नायकाकडे बघणारा. पाच सेकंदांत पोटात गोळा येतो. एवढ्या एका शॉटसाठी तरी लावाच.

सुरंगी

मचाण, सुंदर प्रतिसाद. एक शंका. 'पाठलाग' पाहिलेली मंडळी 'खरं काय ते शेवटी कळेल' अशा हिशेबाने बसणार. हिचकॉकचं तसं नसतं ना?

मचाण

बरोब्बर. हे त्यांना आधीच सांगून टाका, नाहीतर अर्ध्यात उठून "कळलं आम्हाला" म्हणतील. खुनी कोण या कोड्यात त्याला फारसा रस नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो याने १९६२ साली त्याची लांबलचक मुलाखत घेतली, तीत त्याने एक उदाहरण दिलंय. टेबलाशी माणसं गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकणार, संपलं. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलाय, किती वाजता फुटणार तेही ठाऊक आहे, समोर घड्याळ आहे, तर त्याच फालतू गप्पा असह्य होतात. प्रेक्षकाला वाटतं ओरडून सांगावं, अरे उठा! 'रोप'मध्ये (१९४८) पहिल्याच दृश्यात खून होतो, प्रेत पेटीत जातं आणि त्याच पेटीवर जेवण मांडून पाहुण्यांना वाढलं जातं. खुनी कोण ते आपल्याला माहीत आहे, पाहुण्यांना नाही. (तुमच्या यादीत मात्र 'रोप' नको, सगळा संवादांवर आहे. पत्र्याखाली वाया जाईल.)

एकदा हा बॉम्ब त्याच्याच अंगाशी आला. 'सॅबोटाज'मध्ये (१९३६) लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन बसमध्ये बसतो, घड्याळ पुढे सरकतंय, आणि बॉम्ब खरंच फुटतो. प्रेक्षक भडकले. एवढं ताणून धरल्यावर सुटका द्यायला हवी होती, असं पुढे तो स्वतःच म्हणाला.

मालवणी मसालो

माका विचारशात तर 'द बर्ड्स' लावा, पाखरां माणसांवर हल्लो करतत तो. गाव दर्याकाठचो, जेटी, होडये, सगळा आपल्यासारख्याच. पण एक सांगान ठेवतंय. आमच्या हंय लावलो तेव्हा म्हाताऱ्यो हसूक लागल्यो. शाळेच्या मागे कावळे जमतत, तां बघून एक आजी म्हणता, "कावळे जमले म्हणान घाबरतत? आमका म्हाळाक पान ठेवून तासभर हाका मारूचे लागतत, मेले येनत नाय!"

मचाण

हाहा! आजींना साष्टांग दंडवत. पण तो प्रसंग तरीही बघण्यासारखाच आहे. नायिका शाळेबाहेर बाकावर सिगरेट ओढत बसलीय, पाठीमागे मुलांची खेळायची लोखंडी चौकट. आतून मुलांचं गाणं ऐकू येतंय, तेच ते कडवं पुन्हा पुन्हा. चौकटीवर एक कावळा येऊन बसतो. कॅमेरा तिच्यावर. परत चौकट, आता आणखी काही. परत ती. मग कॅमेरा बराच वेळ तिच्यावरच थांबतो आणि आपण मनात म्हणतो, मागे बघ गं बाई. शेवटी ती आकाशातून जाणारा एकच कावळा पाहते, नजरेने त्याचा माग काढते, तो जाऊन बसतो तर चौकट काळी झालेली. वर सांगितलेला टेबलाखालचा बॉम्ब तो हाच, फक्त पिसं असलेला.

पितृपक्षात लावू नका म्हणजे झालं.

एक तांत्रिक गोष्ट. 'द बर्ड्स'ला (१९६३) रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही. पक्ष्यांचे बरेचसे आवाज ऑस्कर साला याने ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेत. पंखांची फडफड, चोची आपटणं आणि मधली शांतता, यावर अर्धा चित्रपट उभा आहे. त्यामुळे उघडीप असेल त्याच शनिवारी लावा, तारीख आधी जाहीर करू नका.

घाटावरची

'द बर्ड्स' दाखवणारच असाल तर एक गोष्ट बोलली जावी असं मला वाटतं. नायिका टिपी हेड्रन. माडीवरच्या खोलीतल्या हल्ल्याच्या प्रसंगात तिच्यावर दिवसचे दिवस खरे पक्षी सोडले गेले. हिचकॉकने लैंगिक त्रास दिल्याचं तिने २०१६ च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलंय. चित्रपट दाखवू नका असं म्हणत नाही, मीही आवडीने बघते. पण "थोर माणूस, थोर माणूस" एवढंच सांगून मुलांना घरी पाठवू नका.

आणि थोरवी सांगायचीच तर आल्मा रेव्हिलचं नाव घ्या. त्याची बायको. ती त्याच्याही आधीपासून या धंद्यात, संकलन आणि पटकथेतली जाणकार. तिने पसंत केल्याशिवाय तो पुढे जात नसे असं म्हणतात.

रातांबा

मान्य. पण मूळ मुद्दा सायकोचा राहिलाच.

मचाण

सायको लावा, शेवटच्या शनिवारी, मुलांना घरी धाडून. १९६० साली त्याने तो स्वस्तात उरकला, सुमारे ८ लाख डॉलरमध्ये, बरीचशी माणसं स्वतःच्या दूरदर्शन मालिकेच्या युनिटमधली घेऊन, आणि कृष्णधवल. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती व्हायोलिनं मात्र संगीतकार बर्नार्ड हर्मनची देणगी. हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीतच नको होतं, हर्मनने वाजवून दाखवल्यावर त्याने मत बदललं.

पण मला शॉवरपेक्षा त्यानंतरचा प्रसंग भारी वाटतो. नॉर्मन, म्हणजे मोटेल चालवणारा पोरगा, गाडी दलदलीत ढकलतो. (आपल्याकडचं खाजण डोळ्यांसमोर आणा.) गाडी हळूहळू बुडतेय, तो काठावर उभा राहून काहीतरी चघळतोय. अर्धी-अधिक बुडाल्यावर गाडी थांबते. त्याचं चघळणं थांबतं. आणि आपलाही श्वास अडकतो, ही बुडाली पाहिजे म्हणून! आत प्रेत आहे हे माहीत असून. आपल्याला असं गुन्हेगाराच्या बाजूला कधी नेऊन उभं केलं हे कळतच नाही. तेवढा वेळ शेडमधल्या लोकांचे चेहरे बघा.

उंडील

कामाचं बोलतो. ओटीटीची सदस्यता घरगुती वापरासाठी असते, तिच्यावरून गावात दाखवू नका, डिस्क विकत घ्या. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, त्यामुळे तुमच्या यादीतले बहुतेक त्या मुदतीबाहेर गेलेत. तरी कथेचे वगैरे हक्क वेगळे असतात, तिकीट किंवा देणगीचा डबा ठेवू नका आणि जमल्यास ओळखीच्या वकिलाला विचारा.

स्पीकर पडद्याशी ठेवू नका. पत्र्याखाली आवाज घुमतो. दोन छोटे स्पीकर प्रेक्षकांच्या मधोमध, कानाच्या उंचीवर लावा.

सुरंगी

वीज जाते म्हणालात ना? मग 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स'चे भाग जवळ ठेवा. १९५५ पासूनची मालिका, अर्ध्या तासाचा एक भाग, लॅपटॉपच्या बॅटरीवरही निघेल. 'लॅम्ब टू द स्लॉटर' (१९५८) हमखास चालेल. बाई नवऱ्याला गोठलेल्या मटणाच्या तंगडीने मारते आणि मग पोलीस हत्यार शोधत घरभर फिरतायत, इकडे भट्टीत तंगडी भाजली जातेय. पुढचं सांगत नाही. फक्त श्रावण लागायच्या आत दाखवा, नंतर लोकांना वेगळाच त्रास होईल.

पडवीकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून हे ठरवलं: 'द लॉजर', 'रिअर विंडो', 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन', मग मुलांसाठी 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (मोकळ्या माळावर विमान मागे लागतं तो प्रसंग मी पाहिलाय, त्यात बोलणं जवळपास नाहीच), शेवटी 'सायको'. 'द बर्ड्स' उघडीप मिळेल तेव्हा मधे कुठेतरी. 'व्हर्टिगो'चं काय करू? गुरुजी सारखं विचारतायत.

मचाण

गुरुजींना घरी बोलावून दाखवा. मला विचाराल तर त्याचा सर्वात चांगला चित्रपट तोच, 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षकांनीही २०१२ साली त्याला पहिला नंबर दिला होता. पण संथ आहे, मनाला लागणारा आहे, आणि मागच्या रांगेत तंबाखू मळत बघायचा नाही.

रातांबा

आणि सायकोला हिचकॉकचा नियम पाळा. सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, मग तो कुणीही असो. त्याने थिएटरांबाहेर तशा पाट्याच लावायला लावल्या होत्या.

पडवीकर

पाटी लावतो. पण आमचे सरपंच कायम अर्धा तास उशिरा येतात आणि प्रोजेक्टरची वायर त्यांच्या घरातून ओढलीय.