मदत हवी आहे: ग्नू सॉल्फेज चालतं, पण आवाज येत नाही (लिनक्स)

नमस्कार मंडळी,

स्वरांतरं ओळखायच्या सरावासाठी लिनक्सवर ग्नू सॉल्फेज टाकलंय. प्रोग्राम उघडतो, नवा प्रश्न येतो, उत्तर दिलं की बरोबर-चूकही सांगतो. फक्त आवाज नाही! एररही नाही, त्यामुळे शोधायचं काय तेच कळत नाही. त्याच हेडफोनवर गाणी आणि व्हिडिओ स्वच्छ ऐकू येतात, म्हणजे व्हॉल्यूम किंवा साउंड कार्डचा दोष नसावा.

सेटिंगमध्ये अल्सा सीक्वेन्सर (मिडी, म्हणजे वाद्यांसाठीच्या स्वरांच्या सूचना, इकडून तिकडे पोचवणारी लिनक्सची सोय) निवडलाय, त्यापुढे ‘मिडी थ्रू १४:०’ असं दिसतं. दुसरा पर्याय बाहेरच्या मिडी प्लेअरचा आहे. नक्की काय निवडू? शिवाय तालाच्या सरावाला ब्लूटूथ हेडफोन चालतील का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

गोम त्या ‘मिडी थ्रू’मध्येच आहे. सॉल्फेज स्वतः आवाज तयार करत नाही. कोणता स्वर, किती जोरात, कधी सुरू, कधी बंद, एवढ्या सूचना तो मिडीतून पाठवतो (पियानोवरचा मधला सी म्हणजे ६० नंबर, ४४० हर्ट्झचा स्वर म्हणजे ६९). त्या वाचून आवाज काढायला सिंथेसायझर लागतो. मिडी थ्रू हे नुसतं आरपार जाणारं पोर्ट. तिथे सूचना पोचतात, ऐकणारं कुणी नसतं, म्हणून एररही नाही. गाण्याच्या फाइलीत आवाज तयारच असतो, त्यामुळे गाणी वाजतात.

फ्लुइडसिंथ (असाच एक सॉफ्टवेअर सिंथेसायझर) आणि एक साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) टाका. फ्लुइडआर३ नावाचा साउंडफाँट लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रोंच्या (आवृत्त्यांच्या) सॉफ्टवेअर भांडारात असतो. फाइल शंभर एमबीच्या वर जाते, पण पियानो ऐकण्यासारखा आहे. फ्लुइडसिंथ आधी सुरू करा, मग सॉल्फेज उघडा. पोर्टांच्या यादीत नवं नाव दिसेल, बहुधा १२८:० असं. ते निवडा. बाहेरच्या प्लेअरच्या पर्यायात टिमिडिटी हा मिडी प्लेअर चालतो, पण मी त्या वाटेला जाणार नाही.

प्रतिसाद २

वरच्याला +१. आवाज बारीक वाटला तर घाबरू नका, फ्लुइडसिंथचा गेन (आवाजाची पातळी) मुळातच ०.२ असतो, तो वाढवा. आणि फ्लुइडसिंथमधला कोरस हा इफेक्ट बंद करा, हे कुणी सांगत नाही! कोरसमुळे स्वर किंचित डुलतो, दोन स्वर एकदम वाजले की स्वरांतर धूसर होतं. रिव्हर्बही (घुमणारा आवाज) कमी ठेवा.

ब्लूटूथ तालासाठी नको. उशीर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्यातला बराच भाग हा उशीरच खातो, म्हणजे तुम्ही बरोबर टॅप केलंत तरी प्रोग्राम चूक म्हणू शकतो. नुसती स्वरांतरं ओळखायला ब्लूटूथ खुशाल वापरा.

धागाकर्ता

आला आवाज! १२८:० निवडलं आणि लगेच वाजलं. कोरस बंद केल्यावर फरक खरंच जाणवतो. पण संगणक बंद करून परत लावला की पुन्हा शांतता, आणि ते पोर्टही यादीतून गायब?

प्रतिसाद १

फ्लुइडसिंथ चालू असेल तेवढाच वेळ ते पोर्ट असतं. लॉगिन झाल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत फ्लुइडसिंथ घालून ठेवा, साउंडफाँटच्या फाइलच्या पूर्ण पत्त्यासकट. नंतर कधी दुसरं मिडी उपकरण जोडलंत आणि आवाज गेला तर आधी सॉल्फेजमधला पोर्टचा नंबर बघा.