ठाणे-नवी मुंबईतील शालेय रग्बी : यंदाच्या हंगामात टॅकल की टॅग?

मूळ मांडणी : क्रीडाशिक्षक, ठाणे

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील आणि पाठोपाठ शालेय स्पर्धांच्या संघनोंदणीची घाई सुरू होईल. ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या मोजक्या शाळा मुलांचा रग्बी संघ उतरवतात, किंवा यंदा प्रथमच उतरवण्याच्या विचारात आहेत, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी असे मला वाटते : आपली मुले टॅकल करण्याइतकी, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडण्याइतकी, तयार आहेत का? माझे मत असे आहे की १४ वर्षांखालील मुलांनी या हंगामात केवळ टॅग रग्बी खेळावी, ज्यात कमरेची फीत प्रतिस्पर्ध्याने ओढली की चेंडू लगेच सहकाऱ्याकडे द्यावा लागतो. आणि १७ वर्षांखालील संघाने टॅकलचा पायाभूत सराव पुरा होईपर्यंत एकही स्पर्धात्मक सामना खेळू नये. त्यापायी पहिली स्पर्धा हुकली तरी चालेल.

मी या खेळाचा विरोधक नाही, उलट आपल्या भागात त्याला फार चांगले दिवस येऊ शकतात असे मला मनापासून वाटते. सात खेळाडूंची रग्बी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये आली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही ती आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा आमच्या मुलांना हा खेळ प्रथमच आपल्या गावाजवळचा वाटला. सात मिनिटांचे दोन डाव, मैदानावर सात आणि बाकावर पाच, एवढ्यावर संघ उभा राहतो. त्यामुळे कमी पटसंख्येच्या शाळेलाही तो परवडतो. शिवाय मुंबईत रग्बी पूर्वापार पावसाळ्यात खेळली जाते, कारण तेव्हा जमीन मऊ असते. क्रिकेटचे खेळाडू घरी बसलेले असतात त्या दिवसांत आपल्याला मैदान मागता येते.

मात्र मैदान मागता येते आणि मैदान मिळते यांत आपल्याकडे बरेच अंतर आहे. ठाण्यात सेंट्रल मैदानासारख्या जागेवर एकाच संध्याकाळी किती खेळ चालतात ते सर्वांनी पाहिले आहे. घोडबंदर पट्ट्यात नव्या शाळा झाल्या, पण त्यांची पटांगणे प्रार्थनेपुरती आहेत. नवी मुंबई आखीव शहर असूनही घणसोलीच्या क्रीडा संकुलासाठी राखलेली वीस एकर जागा वाचवायला न्यायालयात जावे लागले. संकुल रायगड जिल्ह्यात माणगावजवळ हलवण्याचा सरकारचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. जागा वाचली हे मोठे काम झाले, पण या जूनमध्ये सराव करणाऱ्या मुलाच्या पायाखाली ती अजून नाही. मग शाळा भाड्याच्या टर्फकडे वळतात. त्या कृत्रिम गवतावर पास आणि पळण्याचा सराव ठीक आहे. टॅकल शिकवणे मला धोक्याचे वाटते, कारण कातडी सोलून निघते आणि जाळीचे खांब चार पावलांवर असतात.

टॅकल शिकवायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठे जातो हे पालकांनी एकदा मैदानावर येऊन पाहावे. पहिले काही दिवस दोन्ही मुले गुडघ्यांवर असतात. टॅकल करणाऱ्याने खांदा समोरच्याच्या मांडीला लावायचा, गाल त्याच्या पार्श्वभागाला चिकटवायचा, डोके त्याच्या मागच्या बाजूला ठेवायचे आणि दोन्ही हातांनी मांड्या आवळायच्या. डोके चुकून पुढच्या बाजूला गेले, तर पडणाऱ्याचे सगळे वजन टॅकल करणाऱ्याच्या मानेवर येते. ही एकच सवय अंगात मुरेपर्यंत मुलाला उभ्याने, मग चालत, मग पळत टॅकल करू देऊ नये. जूनमध्ये संघ जमवून जुलैत सामना खेळवणाऱ्या शाळेकडे हा वेळच नसतो, आणि माझा आक्षेप नेमका या घाईला आहे.

प्रतिसाद : एक पालक, ऐरोली

सर, आपण काळजीने लिहिले आहे, पण मला आपली भूमिकाही अपुरी वाटते. माझा मुलगा नववीत आहे आणि शाळेने त्याचे नाव रग्बीसाठी घेतले आहे. पालकसभेत मी विचारले की मुलाच्या डोक्याला मार बसला तर त्याला बाहेर काढण्याचा निर्णय कोण घेणार. त्यावर रेफरी पाहतील, असे उत्तर मिळाले. शाळेत परिचारिका नाही आणि स्पर्धेच्या ठिकाणी रुग्णवाहिका असेल याची लेखी हमी कोणी देत नाही. जागतिक रग्बी संघटनेचा नियम सांगतो की डॉक्टरांची विशेष देखरेख नसलेल्या स्तरावर मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूने किमान २१ दिवस सामना खेळू नये. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी मुलगा हट्टाने पुन्हा उतरतो आणि मोठी माणसे त्याचे कौतुक करतात. पुढच्या वर्षी त्याची दहावी आहे. ज्या शाळेला हा नियम पाळण्याची व्यवस्था करता येत नाही, तिने १७ वर्षांखालील मुलांनाही टॅगच खेळवावी. टॅकलचा सराव कितीही चांगला असला तरी समोरच्या संघाने तो केला आहे याची खात्री आपण कशी देणार?

प्रतिसाद : कबड्डी प्रशिक्षक, कळवा

माझा मुद्दा वेगळा आहे. रग्बीचा संघ जमवताना प्रत्येक शाळा प्रथम कबड्डीच्या मुलांकडे पाहते. ठाणे जिल्ह्यात कबड्डी गल्लोगल्ली रुजलेली आहे, पकडीची भीती मुलांच्या मनातून लहानपणीच गेलेली असते, म्हणून तयार माल उचलावा तशी ही मुले उचलली जातात. पावसाळा हा आमचाही तयारीचा काळ असतो. एकाच मुलाने सकाळी मॅटवर आणि संध्याकाळी चिखलात अंग टाकले, तर ऑगस्टपर्यंत त्याचा गुडघा किंवा खांदा जातो, आणि मग तो दोन्ही खेळांना मुकतो.

शिवाय कबड्डीचा मुलगा रग्बीसाठी आयता तयार असतो, हा समजही तपासून पाहावा. आम्ही त्याला शिकवतो की चढाई करणारा हाती लागला की दम सुटेपर्यंत सोडायचा नाही. रग्बीत चेंडू नेणारा जमिनीवर पडला की टॅकल करणाऱ्याने त्याला तत्काळ सोडून बाजूला व्हायचे असते. नाही सोडले तर पेनल्टी. आमच्याकडे खांद्याने धडक देऊन चढाईपटूला रेषेबाहेर काढणे हे कौशल्य आहे, तर रग्बीत हात न लपेटता दिलेली खांद्याची धडक हा फाऊल आहे आणि त्याबद्दल कार्डही मिळते. म्हणजे जी सवय आम्ही कष्टाने बसवली तीच तुम्हाला मोडावी लागणार. दोन्ही बाजूंनी ओढाताण होऊन मुलगा कुठल्याच खेळात पक्का होत नाही. शाळांना रग्बी हवी असेल तर त्यांनी सहावी-सातवीपासून वेगळी मुले घडवावीत. नववीतली आमची मुले मागू नयेत.

प्रतिसाद : माजी खेळाडू, सध्या मार्गदर्शक, नेरूळ

वरील तिन्ही मतांतली काळजी मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मुलांना आणखी असुरक्षित करील असे मला वाटते. १७ वर्षांखालील मुलाला टॅगवरच ठेवले, तर १९ वर्षांखालील गटात तो पहिला टॅकल अधिक वजनाच्या, अधिक वेगाच्या मुलासमोर करणार. पडायचे कसे, हे लहान अंगाने आणि कमी उंचीवरून शिकणे सोपे असते. टॅगमध्ये चुकवणे आणि पास देणे उत्तम येते. संपर्क, म्हणजे अंगाला अंग भिडवणे, येत नाही.

दुसरे असे की स्पर्धेच्या रचनेचा विचार कोणी केलेला दिसत नाही. शालेय स्पर्धांत ठाणे आणि नवी मुंबई ही महापालिका क्षेत्रे स्वतंत्र धरली जातात. आपल्या क्षेत्रात संघ थोडे, त्यामुळे एखाद-दुसरा सामना जिंकून मुले थेट मुंबई विभागात जातात आणि तिथे त्यांची गाठ वर्षभर संपर्काचा सराव असलेल्या मुलांशी पडते. तिथे दुखापत होते ती तयारीच्या अभावाने. म्हणून पहिली स्पर्धा सोडा, हा सरांचा सल्ला मला पटत नाही. जुलैत ठाण्याच्या दोन आणि नवी मुंबईच्या दोन शाळांनी एकत्र येऊन, गुण न मोजता, पाच-पाच मिनिटांचे सामने खेळावेत. टॅकल कमरेखालीच करण्याचा नियम आपण आपसात लावू शकतो. फ्रान्सने २०१९ मध्ये हौशी रग्बीत कमरेच्या वरचा टॅकल बंद केला, इंग्लंडने २०२३ मध्ये हौशी खेळासाठी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतची मर्यादा घातली. आपल्याला कोणाची परवानगी मागायची गरज नाही.

वजनातील तफावत हा मात्र खरा प्रश्न आहे आणि त्यावर इथे कोणीच बोललेले नाही. चौदाव्या वर्षी एक मुलगा ३५ किलोंचा असतो आणि त्याच वर्गातला दुसरा ७० किलोंचा. न्यूझीलंडमध्ये मुलांच्या रग्बीत वयासोबत वजनाचेही गट करतात. सरावात जोड्या लावताना आपण एवढे तरी करावे.

उत्तर : क्रीडाशिक्षक, ठाणे

नेरूळच्या मार्गदर्शकांची गुण न मोजण्याची सूचना मला पटली, आणि कमरेखालच्या टॅकलचा नियम असेल तर अशा सामन्याला मी विरोध करणार नाही. मात्र तो सामनासुद्धा पायाभूत सराव पुरा झाल्यावरच व्हावा, यावर मी ठाम आहे. चार शाळांतील एका शाळेने जरी मुले कच्ची आणली, तरी ऐरोलीच्या ताईंनी विचारलेला प्रश्न तसाच उरतो. त्यासाठी सामन्याच्या आधी एक दिवस चारही संघांचा एकत्र टॅकल-सराव घ्यावा, आणि ज्या मुलाचे डोके चुकीच्या बाजूला जाते त्याला त्या दिवशी खेळवू नये. हा निर्णय त्याच्या स्वतःच्या शिक्षकाने न घेता दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने घ्यावा, कारण आपल्या चांगल्या पळणाऱ्या मुलाला बाहेर बसवणे जड जाते.

कळव्याच्या सरांशी मी अर्धा सहमत आहे. पकड सोडण्याची सवय लावायला खरोखर त्रास पडतो, आणि पळणारा पडल्यावरही त्याला घट्ट धरून ठेवणारी मुले मी प्रत्येक सरावात पाहतो. पण मुलगा कोणाचा, हा प्रश्न मला मान्य नाही. कबड्डीच्या संघात बारा मुले निवडली जातात आणि निवड चाचणीला त्याहून कितीतरी जास्त मुले येतात. उरलेल्या मुलांना रग्बीत जागा मिळाली, तर त्यात कबड्डीचे नुकसान नाही. दोन्ही संघांत निवडलेल्या मुलांसाठी मात्र आठवड्याचे वेळापत्रक दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावे, कारण दुहेरी सरावाबद्दलची आपली काळजी रास्त आहे.

प्रतिसाद : डॉक्टर, वाशी

खेळाच्या तंत्रात मी जात नाही. फक्त पावसाळ्यातील मैदानाबद्दल लिहिते. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतात. गुडघे-कोपरे खरचटलेली मुले चिखलात लोळतात, म्हणजे वाट मोकळीच. जखम झाकल्याशिवाय उतरू देऊ नये, सामना संपताच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने अंघोळ करावी, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर घरच्यांनी डॉक्टरांना मुलगा चिखलात खेळला होता हे आवर्जून सांगावे. मैदानाजवळ नळ नसेल तर ते मैदान सामन्यासाठी घेऊ नये. धनुर्वाताचे लसीकरणही नोंदणीच्या वेळीच तपासावे.

डोक्याच्या माराबाबत पालकांचा आग्रह योग्य आहे. शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झाले नाही, असे नसते. गोंधळलेले बोलणे, तोल जाणे, मळमळ, आधीच्या क्षणांचा विसर, यांपैकी एकही लक्षण दिसले की मुलाने त्या दिवशी परत उतरायचे नाही. हे ओळखण्यासाठी डॉक्टरच हवा असे नाही. प्रशिक्षित शिक्षक किंवा पालकही ओळखू शकतो.

प्रतिसाद : एक पालक, ऐरोली

मग माझी अट मी बदलून मांडते. चार शाळांच्या त्या सामन्यांत प्रत्येक संघासोबत एक पालक केवळ या कामासाठी रेषेजवळ उभा असावा, आणि त्याने हात वर केला की मुलगा बाहेर आलाच पाहिजे. त्यावर प्रशिक्षकाला वाद घालता येऊ नये. हे लेखी मान्य झाले तर मी मुलाला पाठवीन, आणि ऐरोलीच्या संघासोबत मी स्वतः उभी राहीन. स्पर्धेच्या सामन्यांबाबत माझे मत अजून नकाराचेच आहे, कारण तिथे हा अधिकार आपल्याला कोणी देणार नाही.

प्रतिसाद : कबड्डी प्रशिक्षक, कळवा

वेळापत्रक एकत्र ठरवणार असाल तर ते जूनच्या पहिल्या आठवड्यातच ठरवा, संघनोंदणी झाल्यावर नको. आमच्याकडे सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मॅटवरचा सराव असतो. दोन्ही खेळांत असलेल्या मुलाला रग्बीचा संपर्क-सराव मंगळवारीच द्यावा आणि गुरुवारी केवळ पासिंग घ्यावे. शनिवारी सामना असेल तर शुक्रवारी मी त्याला पकडीला उभा करणार नाही, एवढे माझ्याकडून नक्की.